सही करा, पण परिशिष्ट तुम्ही लिहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मॅडम, मी एका सरकारी नर्सिंग कॉलेजात उपप्राचार्य आहे. २४० विद्यार्थी आणि शिकवणारे आम्ही नऊ जण. मागच्या महिन्यात परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाकडून सामंजस्य कराराचा मसुदा आला. त्यांचे बारा विद्यार्थी दर वर्षी चार आठवडे आमच्या रुग्णालयात येणार, आमच्या दोन शिक्षिका तीन आठवड्यांसाठी तिकडे जाणार, स्किल लॅबसाठी ते मॅनिकिन (सरावासाठीचा माणसासारखा पुतळा) देणार आणि 'संयुक्त संशोधन' होणार. संशोधनावर मसुद्यात एकच परिच्छेद आहे. वरिष्ठ खूश आहेत. पुढच्या महिन्यात सही आणि फोटो ठरलाय. मला आनंदही होतोय आणि पोटात गोळाही येतोय. माझी स्वतःची पीएच.डी. गाइड न मिळाल्यामुळे चार वर्षं अडली आहे. अटी घातल्या तर आपण कृतघ्न ठरू का? आणि तिकडे गेलेल्या शिक्षिका परत आल्याच नाहीत तर?

प्रिय ताई,

पोटात गोळा आला, म्हणजे तुम्ही मसुदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अटी घालण्यात कृतघ्नपणा अजिबात नाही. परदेशी विद्यापीठ तुमच्या दारात आलंय कारण त्यालाही तुमच्याकडून काहीतरी हवंय. त्यांच्या विद्यार्थ्यांना अशा वॉर्डांचा अनुभव हवाय, जिथे एकाच दिवसात टीबी, प्रसूती, सर्पदंश आणि भाजलेलं मूल असं सगळं बघायला मिळतं. त्यांच्या संशोधकांना रुग्ण हवेत आणि नोंदी हव्यात. त्यांना अनुदान देणाऱ्या संस्था तर अर्जातच विचारतात की स्थानिक भागीदार कोण. यात वाईट काहीच नाही. फक्त ही देवाणघेवाण आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं, की बोलणं सोपं होतं.

आता एक साधा हिशेब करा. बारा विद्यार्थी चार आठवडे, म्हणजे अठ्ठेचाळीस आठवडे. दोन शिक्षिका तीन आठवडे, म्हणजे सहा. तुमच्याकडे आत्ताच एका शिक्षकामागे सव्वीस-सत्तावीस विद्यार्थी पडतात. त्यात बारा नवी मुलं येणार, ज्यांना तुमची भाषा येत नाही, औषधांची स्थानिक नावं माहीत नाहीत आणि वॉर्डातली कागदपत्रं वाचता येत नाहीत. त्यांच्यासोबत सकाळपासून ड्यूटी संपेपर्यंत कोण उभं राहणार? मसुद्यात हे लिहिलेलं नसेल, तर उत्तर तुमच्याच नऊ जणांपैकी कुणीतरी असं असतं. शिवाय वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. तिचं नाव तर कुठल्याच करारात नसतं.

म्हणून माझा सल्ला असा: सही करा, पण परिशिष्ट तुम्ही लिहा. सामंजस्य करार म्हणजे बहुतेक वेळा सदिच्छेचा कागद असतो. 'दोन्ही संस्था सहकार्य करतील' या वाक्याने कुणीच कशाला बांधला जात नाही. खरं काम परिशिष्टात असतं. कोण येणार, किती दिवस, खर्च कोणाचा, नोंदी कुठे राहणार, लेखात नाव कुणाचं, हे सगळं तिथे लिहिलं जातं. आणि ज्याच्या हातून पहिला मसुदा उतरतो, त्याच्या गरजा त्यात आधी येतात. वरिष्ठांना सांगा की मुख्य करारावरचा फोटो ठरलेल्या दिवशीच काढू, त्याला आडकाठी नाही. पण त्या दिवसापर्यंत परिशिष्टाचा आपला मसुदा त्यांच्याकडे गेलेला असेल, आणि तो मान्य होईपर्यंत कुणी कुठे जाणार नाही की येणार नाही.

त्या परिशिष्टात काय मागायचं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत.

मॅनिकिन मागू नका, असं म्हणत नाही. पण त्यावर वाटाघाटीची ताकद खर्च करू नका. मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडेही एक मॅनिकिन आलं होतं, दोन मोठ्या खोक्यांत. छाती वरखाली व्हायची, नाडी लागायची, पापण्या मिटायच्या. पहिलं वर्ष आम्ही हरखून गेलो. मग त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला. सलाइन लावायला शिकायचा जो हात होता, त्याची कातडी टोचून टोचून फाटली. ती बदलायची तर सुटा भाग परदेशातून मागवावा लागायचा आणि त्यासाठी कुठल्याच खात्यात तरतूद नव्हती. शेवटी ते मॅनिकिन कपाटात गेलं आणि किल्ली स्टोअरकीपरकडे. आमची मुलं पुन्हा जुन्याच हातावर शिकू लागली: स्पंजच्या गुंडाळीत रबरी नळी, वरून चिकटपट्टी, आणि नळीला जोडलेल्या बाटलीत लाल शाईचं पाणी. शीर सापडली की नळीत लाल थेंब चढायचा. तो हात ज्या ट्यूटरने बनवला, तिला त्याचे दहा नमुने करायला साहित्य आणि आठवड्यातला एक मोकळा दिवस मिळाला असता, तर स्किल लॅब अर्ध्या खर्चात उभी राहिली असती. तेव्हा उपकरण घ्यायचंच असेल तर पाच वर्षांचे सुटे भाग, परवाना आणि दुरुस्तीचं प्रशिक्षण एकाच ओळीत मागा. विजेचा दाब कुठला लागतो तेही विचारा.

मागायची पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या शिक्षकांचा वेळ. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण वेळ तर तुमचाच आहे. पण तो तुमच्याकडे उरलेला नाही. सकाळी क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी थिअरी, संध्याकाळी वह्या आणि इंटर्नल मार्क. मग संशोधन कधी करायचं? म्हणून परिशिष्टात लिहा की भागीदारीच्या कामावर असलेल्या प्रत्येक शिक्षिकेच्या जागी एक बदली शिक्षिका नेमली जाईल आणि तिचा पगार प्रकल्पातून येईल. परदेशातले प्राध्यापक अनुदानातून स्वतःसाठी हेच करतात, त्यामुळे ही मागणी त्यांना लगेच कळेल. एका आंतरराष्ट्रीय विमान-तिकिटाच्या आणि हॉटेलच्या खर्चात बदली शिक्षिकेचे काही महिने सहज निघतात. तीन आठवड्यांची ती भेट मला तुमच्या मसुद्यातली सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट वाटते. पहिला आठवडा झोप आणि थंडी सांभाळण्यात जातो, दुसरा इमारती बघण्यात, तिसऱ्यात निरोपसमारंभ.

त्याऐवजी पीएच.डी. मागा. स्पष्ट शब्दांत मागा, आकड्यासह: पाच वर्षांत आमचे तीन शिक्षक, त्यात मी एक. तुमची स्वतःची अडलेली पीएच.डी. मधे आणायला संकोचू नका. गाइड नसणं ही तुमची वैयक्तिक अडचण नाही. नर्सिंगमध्ये डॉक्टरेट झालेली माणसं कमी, म्हणून गाइड कमी, म्हणून पुढची डॉक्टरेट होत नाही. ही गाठ सोडवायला बाहेरचं विद्यापीठ खरोखर कामाला येतं. नोंदणी शक्यतो तुमच्याच देशातल्या विद्यापीठात ठेवा, एक गाइड तिकडचा आणि एक इकडचा. तिकडे जाणं दोन टप्प्यांत, तीन-चार महिन्यांचं, म्हणजे संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकायला एकदा आणि लिहायला एकदा. डेटा तुमच्या वॉर्डांतला. याला बरेच जण सँडविच पीएच.डी. म्हणतात. यात सहगाइड म्हणून इकडच्या कुणालातरी बसवणं फार महत्त्वाचं आहे, मग ती व्यक्ती समाजशास्त्राची किंवा सार्वजनिक आरोग्याची असली तरी चालेल. तीन विद्यार्थ्यांसोबत ती बसली, की चौथ्यासाठी परदेशी गाइड लागत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. कराचीत आगा खान विद्यापीठाची सुरुवातच १९८० मध्ये नर्सिंग स्कूलने झाली, वैद्यकीय महाविद्यालय नंतर आलं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने तिथल्या शिक्षकांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. अभ्यासक्रम बांधले आणि तिथल्या नर्सेसना वरच्या पदव्यांपर्यंत पोचवलं. पुढे त्याच संस्थेने केनिया, युगांडा आणि टांझानियात नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी अभ्यासक्रम सुरू केले. म्हणजे ज्यांनी घेतलं, त्यांनीच पुढच्यांना दिलं. चीनचं उदाहरण मला याहूनही आवडतं. तिथे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८०च्या दशकापर्यंत नर्सिंगचं पदवी शिक्षण बंदच होतं, त्यामुळे नंतर पदव्युत्तर शिकवायला माणसंच नव्हती. १९९०च्या दशकात चायना मेडिकल बोर्ड या अमेरिकी निधीसंस्थेच्या पैशाने थायलंडच्या चियांग माई विद्यापीठाच्या शिक्षकांनी चिनी नर्सिंग शिक्षकांना पदव्युत्तर शिक्षण दिलं. थायलंडमधून चीनमध्ये, आशियातून आशियात. सहकार्य म्हटलं की आपली नजर अटलांटिकच्या दोन काठांवरच जाते. तुमच्यासारख्याच गर्दीच्या वॉर्डांतून पुढे गेलेलं एखादं विद्यापीठ तुमच्या खंडात आहे का, तेही शोधा. त्यांना तुमचे प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत.

आणि रवांडा. तुमच्या वरिष्ठांना हे उदाहरण जरूर सांगा, कारण तिथे अटी सरकारने घातल्या होत्या. २०१२ मध्ये रवांडाने आरोग्य-मनुष्यबळाचा सात वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतली वीसहून अधिक विद्यापीठं आणि संस्था त्यात होत्या, डॉक्टरांच्या बरोबरीने नर्सिंग आणि मिडवाइफरीच्याही. अशा अनुदानातला मोठा हिस्सा एरवी परदेशी विद्यापीठ व्यवस्थापन-खर्च म्हणून कापून घेतं. रवांडाने ती कपात ७ टक्क्यांवर बांधली. येणारे प्राध्यापक नुसते तास घेऊन जाणार नव्हते, प्रत्येकाची स्थानिक शिक्षकाशी जोडी लावायची असं ठरलं. नर्सिंगची पदव्युत्तर पदवी तिथे याच कार्यक्रमात आली. सगळं सुरळीत झालं असं नाही. जोडी लावण्याचा अनुभव सगळीकडे सारखा आला नाही, कारण स्थानिक जोडीदारावर स्वतःच्या कामाचाही बोजा होता. म्हणजे पुन्हा वेळेचाच प्रश्न. आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या एड्स निधीतून येणारा पैसा थांबला, तेव्हा सरकारला स्वतःच्या तिजोरीतून पुढे न्यावं लागलं. पण जे शिकवायचं ते आम्ही ठरवू, जे कापायचं ते आम्ही ठरवू, हे एका छोट्या देशाने मोठमोठ्या विद्यापीठांना सांगितलं आणि ती विद्यापीठं आली. रवांडाला कुणी कृतघ्न म्हटलं नाही.

आता संशोधनाचा तो एक परिच्छेद. माझी सगळ्यात मोठी काळजी तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फार वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाचा गट आमच्याकडे आला होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती लवकर हिंडूफिरू लागतात, हा विषय. प्रश्नावली तयार होती, भाषांतरही करून आणलेलं. त्यात एक प्रश्न होता: तुम्ही न थांबता एक जिना चढू शकता का? आमचे रुग्ण बैठ्या घरांतले. जिना त्यांनी रुग्णालयातच पहिल्यांदा पाहिलेला. कुणी 'हो' म्हणायचं, कुणी 'नाही', उत्तराला काही अर्थच नव्हता. रात्रपाळीला एक सिस्टर होती, फॉर्म भरायचं काम तिच्याकडे. ड्यूटी संपल्यावर, सकाळी सात ते नऊ, बिनपगारी. तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते. तिने तो प्रश्न वाचलाच नाही. खाटेच्या कडेवर टेकून तिने म्हातारीला विचारलं, "मावशी, भरलेली घागर उचलून दारापर्यंत आणता येते का आता?" म्हातारीने हाताने पोट दाबून दाखवलं, "अर्धी आणते. भरली की इथं ओढतं." सिस्टरने फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: अर्धी घागर. मग पुढच्या प्रत्येक रुग्णाला तिने तेच विचारलं. रिकामी, अर्धी, भरलेली. तिने एक मोजपट्टी तयार केली होती.

त्या गटातल्या मुख्य संशोधकांनी ती पेन्सिलीची टिपणं पाहिली आणि त्यांना ती फार आवडली. प्रश्नावली बदलली गेली. दोन वर्षांनी लेख छापून आला. घागरीचा प्रश्न त्यात ठळक होता, 'स्थानिक संदर्भाशी जुळवून घेतलेला' म्हणून. लेखकांच्या यादीत आमच्याकडचं एकही नाव नव्हतं. शेवटी आभारात 'रुग्णालयातील परिचारिका कर्मचाऱ्यांचे' एवढंच होतं. सिस्टरला मी तो लेख दाखवला. तिने आभाराची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे यात मी कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. दोष माझाही होता. सुरुवातीला मी काहीच लिहून घेतलं नव्हतं.

तुम्ही लिहून घ्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे निकष सगळीकडे मानले जातात, आणि त्यात तुमच्या बाजूचं एक कलम आहे जे फारसं कुणी सांगत नाही. अभ्यासाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात ज्यांचा भरीव वाटा आहे, त्यांना लेखनात आणि अंतिम मसुदा तपासण्यात भाग घेण्याची संधी मिळायला हवी. म्हणजे 'त्यांनी लिहिलं नाही म्हणून नाव नाही' हे कारण चालत नाही, कारण लिहायला बोलावणं हे मुख्य संशोधकाचं कर्तव्य आहे. परिशिष्टात नोंदवा की प्रत्येक अभ्यासाआधी लेखकांची यादी आणि क्रम ठरेल, आणि तुमच्या वॉर्डांतल्या डेटावरच्या प्रत्येक लेखात पहिलं किंवा शेवटचं नाव तुमच्या संस्थेचं असेल. शेवटचं नाव मार्गदर्शकाचं मानलं जातं, त्यामुळे त्याची किंमत मोठी आहे. नोंदींची एक पूर्ण प्रत तुमच्या संगणकावर राहील. नवा प्रश्न घेऊन कुणी तोच डेटा वापरणार असेल, तर तुमची परवानगी लागेल. एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्हीकडची हवी, आणि तुमच्याकडची आधी.

हे सगळं मागताना तुम्ही एकट्या नाही. २०१८ मध्ये युरोपात साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणच्या संशोधनासाठी एक जागतिक आचारसंहिता तयार झाली. जे आपल्या देशात नैतिक ठरणार नाही ते दुसऱ्याच्या देशात जाऊन करू नये, हा तिचा गाभा. केपटाऊनमध्ये २०२२च्या संशोधन-सचोटी परिषदेतून याच विषयावर निवेदन निघालं. स्वित्झर्लंडमध्ये विकसनशील देशांसोबतच्या संशोधन-भागीदारीची अकरा तत्त्वं केव्हाचीच लिहिलेली आहेत, आणि त्यातलं पहिलंच सांगतं की विषय एकत्र बसून ठरवा. तुमच्या पत्रात यांपैकी एकाचा उल्लेख करा. समोरचा प्रामाणिक असेल तर त्याला आनंद होईल. नाराज झाला, तर तेही सहीच्या आधी कळलेलं बरं.

विषय कुठला घ्यायचा? परदेशी गटाकडे तयार विषय असतोच. तुमच्याकडेही तयार असू द्या. अमेरिकेतल्या नर्सिंग-संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम तुम्ही वाचलं असेल. युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं, अहवाल २०१४चा. तिथे पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी, आणि नर्समागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं दिसलं. हेच काम चिलीत स्थानिक संशोधकांसोबत झालं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ४० रुग्णालयं, आणि तिथेही नर्समागे वाढलेल्या प्रत्येक रुग्णाबरोबर मृत्यूची शक्यता वाढत होती. सरकारी रुग्णालयांत नर्सेस खाजगीपेक्षा किती कमी आहेत, हे चिलीच्या स्वतःच्या आकड्यांत दिसलं. युरोपचे आकडे दाखवले की मंत्रालयातला माणूस म्हणतो, ते तिकडचं. आपल्या वॉर्डातला आकडा त्याला असा झटकता येत नाही. बाहेरच्या विद्यापीठाकडून घ्यायचं ते हे: मोजायची पद्धत, संख्याशास्त्रज्ञ, नियतकालिकापर्यंतची वाट. प्रश्न तुमचा.

वाचायला लेख मिळत नाहीत ही अडचण असेलच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिनारी उपक्रम २००२ पासून कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना आरोग्यविषयक नियतकालिकं मोफत किंवा अल्प शुल्कात देतो. तुमचा देश आणि संस्था पात्र आहे का ते आजच बघा. नसेल, तर तुमच्या शिक्षकांना भागीदार विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन मागा. त्यांना ते एका सहीत जमतं, आणि तुमच्याकडे त्याने सगळं बदलतं.

येणाऱ्या बारा मुलांबद्दल दोनच गोष्टी. संख्या चारवर आणा आणि प्रत्येकासोबत तुमचा एक विद्यार्थी जोडून द्या, म्हणजे शिकणं दोघांचं होईल. आणि जे काम त्यांना स्वतःच्या देशात, त्यांच्या वर्षाला, करायची परवानगी नाही ते तुमच्या वॉर्डातही नाही, हे लिहूनच घ्या. रुग्णाला विचारल्याशिवाय खाटेभोवती घोळका नको, फोटो तर नकोच. तुमच्या देशाच्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते का, तेही आधी पाहा.

आता तुमची शेवटची भीती. गेलेल्या परत येतील का?

ही भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि तरी ५८ लाख कमी पडतात. असलेल्या नर्सेसपैकी ७८ टक्के अशा देशांत आहेत जिथे जगाची निम्मीच लोकसंख्या राहते. जगातल्या दर सातांपैकी एक नर्स परदेशात जन्मलेली आहे. श्रीमंत देशांना नर्सेस हव्यात, आणि तयार शिक्षिका तर हव्यातच. परदेशातून भरती करताना मूळ देशाचं नुकसान होऊ नये यासाठी संघटनेने २०१० मध्ये आचारसंहिता केली. २०२३च्या यादीत असे ५५ देश आहेत जिथे आरोग्यसेवकांची टंचाई इतकी आहे की तिथून सक्रिय भरती करू नये. तुमचा देश त्या यादीत असेल, तर भागीदार विद्यापीठ आणि त्याची रुग्णालयं तुमच्या माणसांना भरतीसाठी गाठणार नाहीत, एवढं कलम घाला.

पण जाणारीला अडवायला बाँड लिहून घ्या, असं मी सांगणार नाही. बाँडची रक्कम भरून गेलेल्या मी पाहिल्यात, आणि बाँड आहे म्हणून मनाविरुद्ध राहिलेल्याही. त्यातून कुणाचंच भलं झालं नाही. मी ज्या परत आलेल्या पाहिल्या, त्यांची इथे कुणीतरी वाट बघत होतं. परतल्यावर तास कमी, संशोधनासाठी आठवड्यातले दोन दिवस मोकळे, पदात बदल, आणि एक सुरू असलेला अभ्यास जो तिच्याशिवाय अडलाय. हे जाण्याच्या आधी लेखी मिळालं पाहिजे, आणि ते देणं परदेशी विद्यापीठाच्या हातात नाही, तुमच्या वरिष्ठांच्या हातात आहे. फोटोच्या उत्साहात असताना त्यांच्याकडून हे आदेश काढून घ्या. आणि एवढं करूनही एखादी गेलीच, तर तिला शत्रू मानू नका. तिला सहगाइड करा. तिकडे बसून ती तुमची दोन मुलं घडवू शकते.

पैशाबद्दल एकच सावधगिरी. सगळं एका देणगीदारावर टांगू नका. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत ही मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंदच झाली. जगभरचे आरोग्य-प्रकल्प मध्येच थांबले, पगारासकट. बदली शिक्षिकेचा पगार पहिली दोन वर्षं प्रकल्पातून आणि तिसऱ्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने कॉलेजच्या अंदाजपत्रकातून, असं आत्ताच लिहिलंत तर पैसा आटल्यावरही ती जागा राहते.

सहीला एक महिना आहे, तेवढा पुरतो. पुढच्या आठवड्यात एक रात्र वॉर्डात काढा. उपप्राचार्य म्हणून नको, नुसत्या स्टुलावर बसून. दोननंतर, औषधांची फेरी संपली की सिस्टर जरा टेकतात. तेव्हा त्यांना विचारा, की रोज रात्री तुम्हाला पडणारा आणि कुणीच उत्तर न देणारा प्रश्न कुठला. कागद सोबत ठेवा, आणि कुणी काय सांगितलं ते तिच्या नावासह उतरवून घ्या. परिशिष्टाच्या पहिल्या पानावर 'संशोधनाचा विषय' या शीर्षकाखाली तेच जाऊ द्या, नावासकट.

प्रश्न कुठला निघाला ते मला कळवा. संशोधन-आराखड्याचा पहिला खर्डा पाठवलात, तर मी आनंदाने वाचून देईन.